विश्लेषण : कंपन्या समाजकार्याचा विषय कसा निवडतात? खोपोलीच्या विजेचा ध्यास घेतलेल्या जमशेटजी टाटांच्या आयुष्यातून काय दिसते?

खोपोलीत उभे राहून घाटाकडे पाहिले, की डोंगरावरून सरळ खाली उतरणारे जाडजूड पाइप दिसतात. या पाइपांतून येणाऱ्या पाण्यावर १९१५पासून वीज तयार होते. कर्जत तालुक्यात भिवपुरी कॅम्पला १९२२पासून हेच सुरू आहे. ही वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. तिची योजना उचलून धरणारे जमशेटजी टाटा मात्र खोपोलीचे वीजगृह सुरू होण्याच्या ११ वर्षे आधीच वारले.

आज याच पट्ट्यात कारखाने, गोदामे आणि प्रकल्प वाढले आहेत. कुठे शाळेला संगणक मिळतात, कुठे आरोग्य शिबिर होते, कुठे झाडे लावली जातात आणि शेजारी कंपनीच्या नावाचा फलक लागतो. मग गावात प्रश्न येतो. संगणकच का, पाण्याची टाकी का नाही? शेजारच्या गावाला मिळाले, आमच्या वाडीला का नाही? हे ठरवते कोण? कायदा नव्हता तेव्हा एका उद्योगपतीने हे कसे ठरवले आणि आज कायदा काय सांगतो, याविषयी…

सीएसआरचा कायदा नेमका काय?

कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार कंपन्यांवर सामाजिक उत्तरदायित्वाची, म्हणजे सीएसआरची जबाबदारी आहे. ही तरतूद १ एप्रिल २०१४पासून लागू झाली. आधीच्या आर्थिक वर्षात कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये किंवा उलाढाल १००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तर तिला हा नियम लागतो. तीनपैकी एक अट पूर्ण झाली तरी पुरे. अशा कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते.

रक्कम कायद्याने ठरते. कोणत्या क्षेत्रात खर्च करायचा याची यादीही कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. पण त्या यादीतला कोणता विषय आणि कोणते गाव, हे कंपनीचे संचालक मंडळ ठरवते. हीच निवड जमशेटजींनी सव्वाशे वर्षांपूर्वी केली होती. फरक इतकाच, की तेव्हा सक्ती नव्हती आणि मोठी देणगी त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेतून होती.

जमशेटजी कोण होते?

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी येथे झाला. घराणे पारशी धर्मगुरूंचे. वडील नसरवानजी यांनी पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापार सुरू केला. जमशेटजी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८५८मध्ये शिक्षण संपवून वडिलांच्या पेढीत आले. पुढच्याच वर्षी ते हाँगकाँगला गेले. त्या काळी मुंबईच्या अनेक पेढ्यांप्रमाणे या पेढीचाही चीनशी व्यापार होता आणि त्यात कापसाबरोबर अफूही होती. टाटांच्या दानाची गोष्ट सांगताना हा भाग अनेकदा गाळला जातो.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. अनेक पेढ्या बुडाल्या, टाटांची पेढीही अडचणीत आली. जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होते. देणेकऱ्यांना टाळण्याऐवजी त्यांनी सारी परिस्थिती त्यांच्यासमोर मांडली. १८६८मध्ये त्यांनी २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली.

सुरुवात गिरणीच्या आतून कशी झाली?

चिंचपोकळीतील बंद पडलेली तेलाची गिरणी विकत घेऊन जमशेटजींनी तिची कापड गिरणी केली आणि काही काळाने ती नफ्यात विकली. पुढची गिरणी मुंबईत न काढता त्यांनी नागपूर निवडले. कापूस तिथेच पिकत होता आणि रेल्वेही पोहोचली होती. १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली.

या गिरणीत कामगारांची गैरहजेरी ही मोठी अडचण होती. मजुरी कापणे हा त्या काळचा सरळ मार्ग होता. जमशेटजींनी दुसरा मार्ग घेतला. गिरणीत हवा खेळती राहावी, आग लागली तर लगेच विझावी यासाठी त्यांनी यंत्रणा बसवली. चांगले काम करणाऱ्यांना बक्षिसे दिली. १८८६मध्ये पेन्शन फंड सुरू केला आणि १८९५मध्ये अपघातग्रस्त कामगारांना भरपाई देण्यास सुरुवात केली. देशात कामगार भरपाईचा कायदा आला तो १९२३मध्ये, म्हणजे २८ वर्षांनी.

ही निवड निव्वळ परोपकाराची नव्हती. कामगार टिकला तर गिरणी चालेल, हा त्यातला हिशोब होता. पण त्यामुळे कामगाराचा फायदा कमी झाला नाही. आजच्या नियमांनुसार फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरला जात नाही. म्हणजे जमशेटजींचे हे पहिले मोठे काम आज कंपनीच्या सीएसआर अहवालात आलेच नसते. ते मालक म्हणून करायचे काम मानले जाते.

शिष्यवृत्तीच का निवडली?

१८९२मध्ये जमशेटजींनी जे. एन. टाटा एन्डॉवमेंट हा निधी सुरू केला. परदेशात उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांना त्यातून कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळू लागली. सुरुवातीला ती पारशी विद्यार्थ्यांसाठी होती, नंतर लवकरच सर्व समाजांना खुली झाली. शिकून आलेल्याने रक्कम परत करायची आणि तीच रक्कम पुढच्याला द्यायची, अशी ही रचना होती.

त्या काळी श्रीमंत पारशी घराण्यांत दानधर्माची परंपरा मोठी होती. विहिरी, धर्मशाळा, अग्यारी, दुष्काळात अन्नछत्र हे नेहमीचे विषय. जमशेटजींचा विचार वेगळा होता. तात्पुरत्या मदतीपेक्षा समाजातील सर्वांत हुशार मुलांना वर आणले, तर ती मुले पुढे अनेकांच्या उपयोगी पडतील, असे त्यांना वाटे. माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन आणि खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर हे या शिष्यवृत्तीचे पुढच्या काळातील लाभार्थी.

या विचाराची दुसरी बाजूही आहे. परदेशी शिक्षणापर्यंत पोहोचलेला विद्यार्थी तेव्हा शहरातलाच आणि बहुधा सुस्थितीतल्या घरातलाच असे. घाटाखालच्या वाडीतल्या मुलाला, ज्याच्या गावात शाळाच नव्हती, या निधीचा उपयोग नव्हता. एक विषय निवडला की दुसरा मागे राहतो, हे इथेही दिसते.

अर्धी संपत्ती विज्ञान संस्थेला का?

१८९८मध्ये जमशेटजींनी संशोधन संस्थेसाठी मुंबईतील आपल्या इमारती आणि जमिनी देऊ केल्या. त्यांची किंमत तेव्हा सुमारे ३० लाख रुपये होती. हा त्यांच्या संपत्तीचा जवळपास निम्मा भाग मानला जातो. देशात गिरण्या होत्या, पण यंत्रे, रसायने आणि ती समजणारी माणसे बाहेरून येत होती. ही अडचण एका गिरणीची नव्हती, संपूर्ण देशाची होती.

विषय ठरवण्याआधी त्यांनी अभ्यास करून घेतला. त्यांचे सहकारी बर्जोरजी पादशहा यांना युरोप-अमेरिकेतील विद्यापीठे पाहण्यासाठी पाठवले. १८९८च्या अखेरीस व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन भारतात आले, तेव्हा प्रस्ताव त्यांच्यासमोर मांडला गेला. कर्झन यांना शंका होत्या. शिकणारे विद्यार्थी येतील का, त्यांना नोकऱ्या कुठे मिळतील, असे प्रश्न होते. मग नामवंत शास्त्रज्ञ विल्यम रॅम्से यांनी भारतात येऊन पाहणी केली आणि बंगळुरूची शिफारस केली. म्हैसूर संस्थानाने ३७१ एकर जमीन दिली. १९०९मध्ये संस्थेला मान्यता मिळाली आणि १९११मध्ये शिक्षण सुरू झाले. आजची भारतीय विज्ञान संस्था ती हीच. जमशेटजींना ती पाहता आली नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे वयाच्या ६५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र दोराबजी आणि रतनजी यांनी देणगीचा शब्द पाळला.

मग खोपोली आणि भिवपुरी कुठून आले?

मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. कोळसा लांबून आणावा लागे आणि त्याचा धूर शहरभर पसरे. सह्याद्रीवर मात्र दर पावसाळ्यात प्रचंड पाणी पडून वाहून जात होते. लोणावळा परिसरात हे पाणी साठवून वीज करता येईल, ही कल्पना मुंबईतील वास्तुविशारद डेव्हिड गॉस्टलिंग यांनी मांडली होती. जमशेटजींनी ती उचलली आणि अखेरच्या वर्षांत तिचा पाठपुरावा केला.

यामागचे विज्ञान सोपे आहे. घाटमाथ्यावर तलाव, घाटाखाली वीजगृह आणि मध्ये पाइप. खोपोलीला पाणी सुमारे ५०० मीटर उंचीवरून खाली येते. इतक्या उंचीच्या पाण्याचा तळाशी पडणारा दाब हवेच्या दाबाच्या जवळपास ५० पट असतो. त्या दाबाने चक्र फिरते आणि वीज तयार होते.

जमशेटजींच्या निधनानंतर दोराबजींनी काम पुढे नेले. १९१०मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याजवळ वळवण धरणाची पायाभरणी झाली. १९१५मध्ये तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील खोपोलीतून मुंबईला वीज जाऊ लागली. १९२२मध्ये ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरी सुरू झाले.

वीज तयार झाल्यावर खोपोलीचे पाणी पाताळगंगेत जाते. भिवपुरीचे पाणी उल्हास नदीकडे जाते आणि वाटेत राजनाला कालव्यातून कर्जतची शेती भिजते. या नद्यांच्या काठचे कारखाने आणि शहरे या पाण्यावर अवलंबून आहेत. हा फायदा कोणत्याही दानाच्या यादीत नाही, तो धंद्याबरोबर आला. तोटाही तसाच धंद्याबरोबर आला. मुळात पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाणारे हे पाणी पश्चिमेकडे वळवले गेले. ते परत भीमेला द्यावे, ही मागणी आजही अधूनमधून डोके वर काढते.

मुळशीत काय घडले?

टाटांचा पुढचा प्रकल्प मुळशीचा. तिथे मुळा नदीवर धरण बांधून भिरा येथे वीज करायची होती. त्यात मावळातील पन्नासहून अधिक गावांची जमीन जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्यात पुढे होते. याच लढ्यातून बापटांना ‘सेनापती’ हे नाव मिळाले. मावळ्यांनी तुरुंगवास सोसला. धरण थांबले नाही आणि १९२७मध्ये भिरा सुरू झाले.

हे जमशेटजींच्या निधनानंतर घडले, त्याचा दोष त्यांना देता येणार नाही. पण समाजकार्याचा विषय कसा निवडावा याचा विचार करताना मुळशी वगळता येत नाही. जमशेटजी विषय निवडताना देशाची उणीव कोणती, हे पाहत. ज्याच्या जमिनीवर, ज्याच्या पाण्यावर उद्योग उभा राहतो, त्याला काय हवे, हा प्रश्न त्या पद्धतीत नव्हता. देशासाठी विजेची गरज खरी होती आणि मावळ्याचे घर पाण्याखाली गेले हेही खरे होते. विज्ञान संस्थेला दिलेल्या देणगीने दुसरी गोष्ट भरून निघत नाही.

पुढच्या पिढीने विषय कसे निवडले?

धाकटे पुत्र रतनजी यांनी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजाला आणि दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींच्या लढ्याला पैसे दिले. पाटलीपुत्राच्या उत्खननालाही मदत केली. हे विषय त्यांच्या राजकीय ओढीतून आणि आवडीतून आले होते. त्यांच्या निधनानंतर १९१९मध्ये त्यांच्या नावाचा ट्रस्ट झाला.

दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजींनी १९३२मध्ये त्यांच्या नावाने या आजाराच्या संशोधनासाठी ट्रस्ट केला. त्याच वर्षी स्वतःची जवळपास सारी संपत्ती दुसऱ्या ट्रस्टला दिली. या दुसऱ्या ट्रस्टमधूनच पुढे १९३६मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि १९४१मध्ये मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले.

एकाच घरात तीन पद्धती दिसतात. जमशेटजींनी देशाची उणीव पाहिली, रतनजींनी मनाची ओढ पाहिली, दोराबजींनी घरातले दुःख पाहिले. तिन्ही निर्णय वरून झाले. लाभार्थीला विचारून विषय ठरवला, असे यात कुठेही नाही.

आज कंपन्या विषय कसा निवडतात?

पहिली चाळणी कायद्याच्या यादीची. भूक आणि कुपोषण, आरोग्य, शिक्षण, पिण्याचे पाणी, पर्यावरण, महिला सक्षमीकरण, खेळ, वारसा, ग्रामविकास असे विषय त्यात आहेत. आपत्ती व्यवस्थापनाचा त्यात २०१९मध्ये समावेश झाला. राजकीय पक्षाला दिलेली देणगी चालत नाही.

दुसरी चाळणी व्यवहाराची. वर्ष संपण्याआधी खर्च झाला पाहिजे, हिशोब दाखवता आला पाहिजे. सुरू असलेल्या प्रकल्पाची न वापरलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाकून तीन वर्षांत खर्च करावी लागते, नाहीतर ती सरकारी निधीत जाते. त्यामुळे लवकर पूर्ण होणाऱ्या आणि मोजता येणाऱ्या कामांकडे ओढा असतो. संगणक मोजता येतात, शौचालये मोजता येतात. कातकरी कुटुंबाचे वीटभट्टीवरचे स्थलांतर थांबणे मोजायला वर्षे लागतात.

तिसरी चाळणी संस्थेची. काम बहुतेकदा स्वयंसेवी संस्थांमार्फत होते. अशा संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी लागते आणि कंपनीने स्वतः स्थापन न केलेल्या संस्थेला साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. जिथे अशी संस्था काम करत नाही, तिथे पैसा पोहोचणे कठीण होते. देशभरात शिक्षण आणि आरोग्य या विषयांना सर्वाधिक पैसा मिळतो आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र आघाडीवर असतो. पण राज्याला मिळाले म्हणजे घाटाखालच्या वाडीला मिळाले, असे नाही.

‘स्थानिकांना प्राधान्य’ बंधनकारक आहे का?

कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कलम १३५मध्ये म्हटले आहे. मात्र ही सूचना मार्गदर्शक स्वरूपाची आहे, असे केंद्र सरकारने स्पष्ट केले आहे. राष्ट्रीय गरज आणि स्थानिक गरज यांचा तोल कंपनीने साधावा, अशी अपेक्षा आहे. म्हणजे खालापुरातील कंपनीने खालापुरातच खर्च करावा, अशी सक्ती नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. इतर कोणत्याही कायद्याने घातलेले बंधन पूर्ण करण्यासाठी झालेला खर्च सीएसआर मानला जात नाही. जमीन घेतल्यास कायद्याने ठरलेला मोबदला व पुनर्वसन, प्रदूषण रोखण्याची यंत्रणा ही कंपनीची देणी आहेत. ती सीएसआरच्या फलकाखाली दाखवता येत नाहीत.

कर्जत-खालापूरच्या गावांनी काय पाहावे?

हा प्रश्न जुना राहिलेला नाही. टाटा पॉवरने ऑगस्ट २०२३मध्ये राज्य सरकारशी पाणी उपसा करून वीज साठवण्याच्या दोन प्रकल्पांचा करार केला. त्यातला १००० मेगावॉटचा प्रकल्प भिवपुरीचा आहे. त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आपत्तीनंतर मदत येते, तिच्याआधी धोक्याच्या वाड्यांचा विषय कुणाच्या यादीत असतो, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे. भरपूर पाऊस पडणाऱ्या या डोंगरात अनेक वाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते.

गावाच्या हाती काही गोष्टी आहेत. कंपनीला आपले सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात. वार्षिक अहवालात खर्चाचा तपशील द्यावा लागतो. सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवरही माहिती मिळते. आपल्या तालुक्यातील कंपनीने कुठे, कशावर खर्च केला, हे मोबाइलवर पाहता येते. ग्रामसभेत गरजांचा क्रम ठरवून, खर्चाच्या अंदाजासह लेखी प्रस्ताव आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या सुमारास दिला, तर तो कंपनीच्या वार्षिक आराखड्यात येण्याची शक्यता वाढते. ऐन मार्चमध्ये दिलेल्या अर्जातून बहुधा वस्तूच मिळतात.

प्रस्तावाआधी एक यादी मात्र वेगळी करावी : कंपनी आपले काय देणे लागते, याची. मोबदला, पुनर्वसन, नदीत जाणाऱ्या सांडपाण्यावरची प्रक्रिया हे या यादीत येते. उरलेल्या गोष्टींसाठी सीएसआर मागावा. जमशेटजींनी एम्प्रेस मिलमध्ये कामगारांचे देणे आधी दिले, देणग्यांचा काळ नंतर आला. मुळशीत हा क्रम चुकला आणि शंभर वर्षांनंतरही तो हिशोब विसरला गेलेला नाही. भिवपुरीत नवे काम उभे राहताना दोन्ही याद्या वेगळ्या ठेवल्या जातात का, याकडे म्हणूनच लक्ष राहील.